रोग्याची भाषा कोण बोलणार?

आदिवासी रुग्ण दवाखान्यांत वेळेवर येत नाहीं याचें कारण त्याचें अज्ञान व अंधश्रद्धा होय, अशी आपल्या सुशिक्षित समाजाची दृढ समजूत आहे. चांगल्या घरांतून हें वाक्य इतक्या सहजपणें उच्चारलें जातें कीं, त्यास पुरावा मागावा असें कोणाच्या मनांतही येत नाहीं. ही समजूत चुकीची तर आहेच. पण ती सोयीचीही आहे. तिच्यामुळें सारा दोष रोग्याच्या माथीं बसतो व दवाखाना निर्दोष सुटतो.

गडचिरोलीचें उदाहरण घेऊं. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनीं तेथें ‘सर्च’ ही संस्था काढली, तेव्हां रुग्णालय कसें असावें हें त्यांनीं आदिवासींनाच विचारलें. त्यांच्या सांगण्याप्रमाणें टोलेजंग इमारतीऐवजीं गोंड खेड्यासारखीं घरें उभीं राहिलीं. रोग्याच्या नातलगांना जवळ राहण्याची सोय झाली. आणि रुग्णालयास नांव दंतेश्वरी मातेचें मिळालें. पुढें याच संस्थेनें खेड्यांतील अल्पशिक्षित स्त्रियांस शिकवून नवजात अर्भकांची शुश्रूषा घरोघरीं त्यांच्या हातीं दिली. नवजात अर्भकांचे मृत्यु तीन वर्षांत सुमारें ६२ टक्क्यांनीं घटले, हें १९९९ सालीं ‘लॅन्सेट’मध्यें प्रसिद्ध झालें. विज्ञान तेंच होतें; फक्त तें ओळखीच्या माणसाच्या हातून दारांत आलें. मग अज्ञान कोणाचें होतें?

यावर आमचे आक्षेपक म्हणतील कीं, विज्ञानास जात नाहीं आणि भाषाही नाहीं. ताप सर्वत्र सारखाच मोजला जातो. ताप सारखाच मोजला जातो हें खरें. पण ‘कुठें दुखतें’ हा प्रश्न कोणत्या तरी भाषेंतच विचारावा लागतो. गोंडी व माडिया या द्राविडी कुळांतील भाषा आहेत, तर मेळघाटांतील कोरकू ही मुंडा कुळांतील. त्या मराठीच्या बिघडलेल्या बोली नव्हेत. सिकलसेलचीच गोष्ट पाहा. या रोगाच्या निर्मूलनासाठीं केंद्र सरकारनें २०२३ सालीं देशव्यापी मोहीम आरंभिली. रक्त तपासणें हें त्यांतलें सोपें काम. ‘तूं रोगी नाहींस, केवळ वाहक आहेस, परंतु दोन वाहकांचा विवाह झाल्यास प्रत्येक गरोदरपणीं मूल रोगी निपजण्याचा संभव चारांत एक असतो’, हें एखाद्या तरुण मुलीस, तिच्या आईसमोर, तिची अब्रू राखून समजावणें हें खरें काम. तें दुभाष्याकरवीं होत नाहीं. प्रयोगशाळेंतील तंत्रज्ञ, औषधें देणारा, आहार सांगणारी, लुळ्या पायास व्यायाम शिकविणारी आणि समुपदेशक यांच्यापैकीं कोणी तरी त्या समाजांतलें असलें पाहिजे.

न्यूझीलंडांतील माओरी परिचारिका इरिहापेती रॅम्सडेन यांनीं हाच विचार एका वेगळ्या बाजूनें मांडला. शुश्रूषा रोग्याच्या संस्कृतीचा मान राखून झाली कीं नाहीं, याचा निर्णय शुश्रूषा करणाऱ्यानें द्यावयाचा नसून ती घेणाऱ्यानें द्यावयाचा, असें त्यांचें म्हणणें. तेथील परिचर्या मंडळानें १९९२ सालीं हें तत्त्व अभ्यासक्रमांत घेतलें. ऑस्ट्रेलियांत सिडनीच्या रेडफर्न भागांत मूलनिवासींनीं १९७१ सालींच स्वतःची वैद्यकीय सेवा उभी केली होती. आपणांकडे मात्र आदिवासी भागांतील नेमणूक नोकरींतली शिक्षा समजली जाते. ज्यास तें गांव शिक्षा वाटतें, त्याच्या चेहऱ्यावर ती शिक्षा रोग्यास दिसत नसेल काय?

दुसरा आक्षेप गुणवत्तेचा. आदिवासी मुलामुलींस अधिक संख्येनें घेतल्यास दर्जा घसरेल, अशी भीति दाखविली जाते. आम्ही परीक्षा सोपी करा असें म्हणत नाहीं. आश्रमशाळेंतून आलेल्या मुलीस वसतिगृह द्या, पहिल्या वर्षीं इंग्रजीचा आधार द्या, शिष्यवृत्ति वेळेवर द्या आणि शिक्षण संपल्यावर तिच्या भागांत कायम पद द्या, एवढेंच आमचें मागणें आहे. शिवाय रोग्याची भाषा येणें हाही गुणच आहे; तो गुणपत्रिकेंत धरला जात नाहीं हा गुणपत्रिकेचा दोष.

भगताच्या मंत्रानें साप उतरतो, असेंही आम्ही म्हणत नाहीं. सर्पदंशास प्रतिविषच हवें. परंतु भगतास हिणवून रोगी दवाखान्यांत येत नसतो; भगताशीं त्याच्याच भाषेंत बोलून त्यास आपलासा करणारें माणूस लागतें.

आणखी एक ढोंग उघडें केलें पाहिजे. आदिवासी बाई आपल्याला चालते, पण ती मानधनावरची आशा म्हणून. पगाराच्या खुर्चीवर ती बसली कीं दर्जाची चर्चा सुरू होते. २०११ च्या जनगणनेप्रमाणें महाराष्ट्रांत एक कोटीहून अधिक आदिवासी आहेत. वैद्यकास पूरक अशा या व्यवसायांचें नियमन करणारा केंद्रीय कायदा २०२१ सालीं झाला. त्यांच्या शिक्षणाचे व नोंदणीचे नियम त्यामुळें घडत आहेत. त्या नियमांत आदिवासी भाषांस व आदिवासी उमेदवारांस आजच स्थान मिळालें पाहिजे. एकदां घडी बसल्यावर तींत जागा करून घेण्यास आणखी एक पिढी खर्ची पडेल, आणि ती पिढी आपली नसेल, त्यांची असेल.