सरकारी मदत आणि चावडीवाचन

शेतकऱ्यास सरकारने मदत करावी की नाही, हा वाद आता उरलेला नाही. पाऊस, बाजारभाव आणि कर्ज यांच्या तिहेरी पेचात सापडलेल्या माणसास हात देणे हे लोककल्याणकारी राज्याचे कर्तव्यच होय. प्रश्न निराळा आहे. सार्वजनिक तिजोरीतून कोणास किती पैसा गेला, हे जनतेस कळावे की नाही? आमच्या मते ते कळलेच पाहिजे. आणि प्रथम शेतकऱ्याच्याच हितासाठी कळले पाहिजे.

कोल्हापूर जिल्ह्याचा अनुभव या बाबतीत बोलका आहे. २००८ साली केंद्र सरकारने देशव्यापी कर्जमाफी दिली. तीत ५२ हजार कोटींहून अधिक रुपये खर्ची पडले. काही वर्षांनी नाबार्डच्या तपासणीत आपल्या जिल्ह्यातील सुमारे ११२ कोटींची माफी अपात्र ठरली. मर्यादेबाहेर दिलेले कर्जही माफीत धरले, असा आक्षेप होता. फिटले म्हणून विसरलेले कर्ज शेतकऱ्यांच्या दारी पुन्हा उभे राहिले आणि वाद न्यायालयात गेला. निकष, नाव आणि रक्कम आरंभीच गावापुढे मांडली असती, तर ही शंका वेळीच निघाली नसती काय?

दोष एकट्या कोल्हापूरचा नव्हे. महालेखापरीक्षकांच्या २०१३च्या अहवालानुसार तपासलेल्या ९०,५७६ खात्यांपैकी २०,२०६ खात्यांत त्रुटी आढळल्या. माफी न मिळालेली ९,३३४ खाती पाहिली, तेव्हा त्यांतील १,२५७ पात्र निघाली. म्हणजे अपात्रास लाभ आणि पात्रास उपेक्षा, हे दोन्ही अन्याय एकाच अंधारात घडले. पुढे किसान सन्मान निधीतही तेच झाले. ४२ लाखांवर अपात्र व्यक्तींस सुमारे तीन हजार कोटी रुपये गेल्याचे २०२१ साली सरकारनेच संसदेत सांगितले.

यावर उपाय आपल्याच गावगाड्यात आहे. २०१७च्या कर्जमाफीत राज्य सरकारने अर्जदारांच्या याद्यांचे चावडीवाचन योजले होते. कोणाची जमीन किती आणि कोण नोकरीवर आहे, हे बांधाशेजारचा माणूस तलाठ्याच्या दप्तराइतकेच जाणतो. मात्र यादी एकदा वाचून दप्तरात बांधली, तर तो केवळ उपचार ठरतो.

खासगीपणाचा आक्षेप आम्ही क्षुल्लक मानत नाही. युरोपीय संघाच्या न्यायालयाने २०१० साली अनुदान घेणाऱ्या व्यक्तींची नावे सरसकट प्रसिद्ध करण्यास मनाई केली. तेथे २०१३ साली नवा कायदा होऊन, अगदी अल्प रक्कम घेणारे वगळता, नावे पुन्हा खुली झाली. आपल्याकडे मात्र लहान शेतकऱ्यासच यादीची गरज अधिक. आपले नाव गळले की आपल्या नावावर दुसऱ्यानेच पैसा उचलला, हे त्याने अन्यथा पाहावे कोठे? २०२३च्या व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्याने माहिती अधिकारातील खासगीपणाची सवलत रुंदावली आहे. तथापि २००५च्या त्या कायद्याचे कलम ४ कायम आहे, आणि अनुदानाच्या लाभार्थींचा तपशील सरकारने आपण होऊन प्रसिद्ध करावा, असे ते स्पष्ट सांगते. या सवलतीच्या आडोशाने ते कलम निष्प्राण होता कामा नये.

आमची मागणी साधी आहे. नाव, योजना व रक्कम प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फलकावर लागावी. अर्ज नाकारला असल्यास अर्जदारास त्याचे कारण लेखी मिळावे. हरकतीस मुदत असावी. बँक खाते व आधार क्रमांक मात्र गुप्तच राहावेत.

नागर वाचकांसही एक विनंती आहे. ही यादी शेतकऱ्यास हिणवण्यासाठी नव्हे. उद्योगांच्या करसवलती आणि बँकांची निर्लेखित कर्जे यांसही आम्ही हाच न्याय मागतो. ज्याचा हक्क खरा आहे, त्यास उजेडाचे भय नाही. भय आहे ते त्याच्या आड दडणाऱ्यास. सरकारने कोणाची बाजू घ्यावी, हे का सांगावयास हवे?