भिंतीवरची पाल, काचेतली पाल

उल्हासनगरच्या कॅम्प चारमध्ये पाल नसलेलं घर सापडणं कठीण. दुसऱ्या महायुद्धात सैनिकांसाठी उभारलेल्या या बराकींत फाळणीनंतर सिंधी निर्वासित आले, १९४९ साली वसाहतीला उल्हासनगर हे नाव मिळालं. पुढे बराकी पडल्या, इमारती उठल्या, शेजारी बदलले. ट्यूबलाइटमागची पाल मात्र हललेली नाही. तिचं आणि आपलं कधी जमलं नाही, ही गोष्ट वेगळी. पंचांगात 'पल्लीपतना'चं फळ छापून येतं आणि संशय आला की आपल्या मनात पालच चुकचुकते.

अशा या समाजात पाल विकत घेऊन पाळण्याची हौस आली आहे, हे ऐकून आमची पिढी कपाळाला हात लावते. आमच्याच इमारतीतल्या एका कॉलेजकुमाराने काचेच्या पेटीत 'लेपर्ड गेको' ठेवला आहे. पिवळ्या अंगावर काळे ठिपके, जाड शेपूट, शांत नजर. अफगाणिस्तान, पाकिस्तान आणि वायव्य भारताच्या कोरड्या मुलखातली ही जात. घरच्या पालीला पापण्या नसतात, हिला असतात. हिला काचेवर चढता मात्र येत नाही. मादी एका वेळी बहुधा दोन अंडी घालते. अंडी साधारण २६ अंशांत उबवली तर बहुतेक माद्या निपजतात, ३२च्या आसपास बहुतेक नर. हा मुलगा तापमानाची वही अशी लिहितो की आमच्या शाखेतल्या कारकुनांनी धडा घ्यावा! त्याच्या कुतूहलाला मी हसणार नाही. माझा प्रश्न हिशोबाचा आहे.

बँकेत आयुष्य गेल्यामुळे कुठल्याही व्यवहारात मी आधी मुदत पाहतो. हा प्राणी पंधरा-वीस वर्षं जगतो, म्हणजे जवळपास गृहकर्जाइतकी मुदत. मुलगा तीन वर्षांनी नोकरीसाठी पुण्याला किंवा परदेशी जाईल. मग जिवंत किडे कोण आणणार? वीज गेल्यावर पेटीची ऊब कोण सांभाळणार? सरपटणाऱ्या प्राण्यांचे जाणकार डॉक्टर आपल्याकडे किती? शिवाय या प्राण्यांच्या अंगावर साल्मोनेला जंतू असू शकतात. म्हणून पाच वर्षांखालची मुलं असलेल्या घरात ते ठेवूच नयेत, असं आरोग्यतज्ज्ञ सांगतात. हप्ते बहुधा आईच्या नावावर पडतात!

पैदाशीचा भाग याहून गंभीर आहे. नवा रंग निघाला की किंमत चढते. अमेरिकेत 'लेमन फ्रॉस्ट' नावाचा लिंबासारखा उजळ रंग निघाला, तेव्हा हौशी लोकांच्या उड्या पडल्या. पुढे या गेकोंपैकी ८० टक्क्यांहून अधिकांच्या अंगावर गाठी होतात, असं दिसलं. रंग आणि कर्करोग यांचं मूळ एकाच जनुकाशी जोडलेलं आहे, हे २०२१ साली शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं. आमच्या उल्हासनगरात कशाचीही नक्कल बनते, असा जुना विनोद आहे. पण बिघडलेला माल परत घेता येतो, जीव परत घेता येत नाही.

आणि पेटीतला प्रत्येक जीव पेटीतच जन्मलेला असतो असंही नाही. चीनमधल्या 'गोनियुरोसॉरस लुई' या पालीचं १९९९ साली शास्त्रीय वर्णन छापून आलं. तो पत्ता हाती लागताच व्यापाऱ्यांच्या माणसांनी ती जागाच रिकामी केली. हे वाचून मला सातारची आठवण झाली. तिथल्या चाळकेवाडीच्या पठारावरून वरद गिरी आणि आरोन बाउर यांनी २००८ साली जमिनीवर राहणाऱ्या पालीची नवी जात जगापुढे आणली. तिच्या नावातच सातारा आहे. उद्या तिचाही भाव ठरला तर? ईशान्य भारतातल्या तोके पालीचं तेच झालं. तिच्यापासून एड्सवर औषध बनतं, या निराधार अफवेपायी हजारोंनी पकडल्या गेल्या. शेवटी २०१९ साली तिच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण आणावं लागलं.

कायदा जागा झाला आहे. वन्यजीव कायद्यातली २०२२ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली. आंतरराष्ट्रीय 'साइट्स' करारातल्या अनुसूचित परदेशी प्राण्यांची आणि त्यांच्या पिलांची नोंद २०२४च्या नियमांनुसार 'परिवेश' संकेतस्थळावर करावी लागते. तरीही जून २०२५मध्ये मुंबई विमानतळावर थायलंडहून आलेल्या एका प्रवाशाच्या सामानात सरडे, पक्षी, पॉसम असे शंभराच्या आसपास जीव सापडले. ते आणले जातात, कारण गिऱ्हाईक आहे. हे गिऱ्हाईक तुमच्या-आमच्या घरात वाढतं आहे.

म्हणून आईबापांना माझं सांगणं एवढंच. ज्या घरात पाळीव गेको आलाच आहे, तिथे त्याला शेवटपर्यंत नीट सांभाळा. बाहेर सोडू नका आणि पैदाशीच्या फंदात पडू नका. जिथे मूल अजून हट्टच करतं आहे, तिथे त्याच्या हाती एक वही द्या. घरची पाल किती वाजता बाहेर येते, काय खाते, अंडी कुठे घालते, हे त्याला वर्षभर लिहू द्या. खर्च शून्य, परवाना नको, आणि कुतूहल तेवढंच भागेल. एवढ्यावरही कोणी स्वस्तात 'दुर्मीळ' पाल देऊ केली, तर ती आली कुठून, हे आधी विचारा. त्या वेळी तरी मनात पाल चुकचुकायलाच हवी.