सूट मिळाली, शिष्यवृत्ती गेली : मोहल्ल्यातल्या छोट्या शाळेचं पुढे काय?

प्रवेशाचे दिवस आले की आमच्या शाळेच्या ऑफिसात एक प्रश्न हमखास येतो. आई दारातच उभी राहते, कडेवर धाकटं, बोटाला धरलेलं सहा वर्षांचं पोर. विचारते, "टीचर, तुमच्याकडे आरटीईचा फॉर्म भरता येतो का? फुकटवाला?" आम्हाला 'नाही' म्हणावं लागतं. मग दुसरा प्रश्न, "मग ती हजार रुपयांची स्कॉलरशिप?" त्यालाही 'नाही'. ती थोडा वेळ फीच्या पाटीकडे बघते आणि म्हणते, "घरी विचारून सांगते."

या दोन 'नाहीं'च्या मधे आज शेकडो मुस्लिम कुटुंबं अडकलेली आहेत. आणि त्यांच्यासोबत अडकली आहे ती मोहल्ल्यातली छोटी, विनाअनुदानित प्राथमिक शाळा. चार-पाच खोल्या, शंभराच्या आसपास मुलं, एक छोटी संस्था आणि चार-पाच शिक्षक. आम्ही अशाच एका शाळेत शिकवतो. त्यामुळे हे लिहिताना आम्ही तटस्थ आहोत असा दावा करणार नाही. पण गणित सरळ मांडता येतं, ते आधी मांडू.

गणित कुठे बिघडलं?

शिक्षण हक्क कायदा २००९ चा, १ एप्रिल २०१० पासून लागू. ६ ते १४ वर्षांच्या प्रत्येक मुलाला मोफत आणि सक्तीचं शिक्षण, आणि खासगी विनाअनुदानित शाळांत २५ टक्के जागा दुर्बल आणि वंचित घटकांतल्या मुलांसाठी. त्या मुलांच्या फीची भरपाई सरकार करतं. ६ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने 'प्रमती' खटल्यात निकाल दिला, की हा कायदा अल्पसंख्याकांच्या शाळांना, अनुदानित असोत वा विनाअनुदानित, लागू होणार नाही. कलम ३० ने दिलेला शाळा स्थापन करण्याचा आणि चालवण्याचा हक्क त्यामुळे अबाधित राहिला. आपल्या समाजाने त्याचं स्वागत केलं, आणि ते चुकीचं नव्हतं.

पण सूट मिळाली म्हणजे २५ टक्क्यांची भरपाईही गेली. अल्पसंख्याक दर्जा असलेल्या छोट्या शाळेत गरीब मूल शिकलं तर त्याची फी एक तर बाप भरतो, नाही तर संस्था सोसते.

२०२२ च्या नोव्हेंबरात केंद्र सरकारने अल्पसंख्याक विद्यार्थ्यांची मॅट्रिकपूर्व शिष्यवृत्ती पहिली ते आठवीसाठी बंद केली, फक्त नववी-दहावीसाठी ठेवली. पहिली ते पाचवीच्या मुलाला महिन्याला १०० रुपयांप्रमाणे वर्षाचे १,००० मिळत असत. रक्कम मोठी नव्हती. पण हातमागावर, गॅरेजमध्ये, भाजीच्या गाडीवर काम करणाऱ्याच्या घरी त्यातून दप्तर, बूट आणि वह्या यायच्या. बंद करण्याचं कारण काय दिलं? शिक्षण हक्क कायद्याने आठवीपर्यंतचं शिक्षण मोफतच आहे, मग शिष्यवृत्ती कशाला!

म्हणजे बघा. कायदा आमच्या शाळांना लागू नाही म्हणून भरपाई नाही. आणि कायदा आहे म्हणून शिष्यवृत्ती नाही. एकाच कायद्याने दोन्ही दारं बंद. सरकारी किंवा नगरपालिकेच्या शाळेत जाणाऱ्या मुलाला ते कारण काही अंशी लागू पडतं. आमच्या वर्गातल्या मुलाला अजिबात नाही. आपल्या संघटनांनी हा मुद्दा जितक्या नेमकेपणाने मांडायला हवा होता तितका मांडला नाही, असं आम्हाला वाटतं.

मग मुलं या शाळेत येतात तरी का?

दोन वर्षांपूर्वी एक मुलगी आमच्याकडे दुसरीत आली. आधी शहरातल्या एका मोठ्या इंग्रजी शाळेत होती. तिच्या अम्मीने सांगितलं ते असं : वर्गात पन्नासच्या वर मुलं, बाथरूमला जायचं तर इंग्रजीतच विचारायचं असा नियम. पोरीला ते वाक्य ऐन वेळी आठवायचं नाही. दोनदा तिचे कपडे ओले झाले. तिसऱ्यांदा तिने शाळेत पाणी पिणंच सोडून दिलं.

आमच्या वर्गात पहिल्या आठवड्यात ती एक शब्द बोलली नाही. मग एके दिवशी हळूच म्हणाली, "टीचर, मेरेकू पानी होना." पुस्तकी उर्दूत असं बोलत नाहीत. ही आपली मराठवाड्याची दखनी. आम्ही तिला दुरुस्त केलं नाही, पाणी दिलं. दुसऱ्या दिवशी तिने शेजारणीचं पेन्सिल-शार्पनर परत करताना "नक्को मेरेकू" म्हटलं आणि सगळा वर्ग हसला, तीही हसली. 'नक्को' हा शब्द मराठीतून दखनीत आलेला. ज्या घरात तो बोलला जातो तिथे मूल आधीच दोन भाषांत उभं आहे. शाळेला ते फक्त दिसायला हवं.

छोटी प्राथमिक शाळा मुलाला जे देते त्यातली पहिली गोष्ट ही : तिथे मुलाला त्याच्या बोलीत तहान लागल्याचं सांगता येतं. कोकणातल्या आपल्या भावांच्या घरी कोकणी बोलतात, आमच्याकडे दखनी. दोन्हीकडे शाळेची भाषा घरच्या भाषेपेक्षा वेगळीच असते. हा पूल कुणीतरी हाताला धरून ओलांडून द्यावा लागतो.

दुसरी गोष्ट लिपीची. उर्दू उजवीकडून डावीकडे, मराठी आणि इंग्रजी डावीकडून उजवीकडे. राज्यात उर्दू माध्यमाच्या मुलाला सुरुवातीपासूनच तीन भाषा आणि तीन लिप्या सांभाळायच्या असतात. २०२० च्या कायद्याने मराठी सर्व शाळांत सक्तीची आहे, आणि आम्हाला त्याचा आनंदच आहे, कारण मराठी आमचीही भाषा आहे. २०२५ मध्ये पहिलीपासून हिंदी हवी की नको यावर राज्यभर वाद पेटला, शेवटी २९ जूनला सरकारने ते निर्णय मागे घेतले. त्या वादात सगळे म्हणत होते की पहिलीच्या मुलाला तीन भाषांचं ओझं नको. आमची मुलं ते ओझं कधीपासून उचलत आहेत, याचा उल्लेख फारसा कुणी केला नाही.

हे ओझं हलकं होतं ते शिक्षकाला दोन्ही लिप्या येत असतील तर. उदाहरण सांगतो. उर्दूत 'किताब' हा शब्द काफ, ते, अलिफ, बे असा लिहितात. 'कि'चा झेर सहसा लिहीत नाहीत, वाचणाऱ्याने समजून घ्यायचा. तेच मूल मराठीत 'दिवस' लिहिताना 'दवस' लिहितं. उर्दू न येणारे शिक्षक म्हणतील, पोरगं कच्चं आहे, वेलांटी विसरतं. आम्हाला दिसतं की ते विसरलेलं नाही. ते एका लिपीचा नियम दुसऱ्या लिपीत इमानदारीने पाळतंय! फळ्यावर दोन्ही शब्द शेजारी-शेजारी लिहिले, 'इथे झेर लपतो, तिथे वेलांटी लपत नाही' एवढं सांगितलं, की पंधरा दिवसांत चूक जाते. पन्नास वह्या तपासणाऱ्याला हे दिसायला वेळ नसतो. पंचवीस वह्या तपासणाऱ्याला दिसू शकतं.

तिसरी गोष्ट साधी आहे. मूल दोन दिवस आलं नाही तर तिसऱ्या दिवशी कुणीतरी त्याच्या घरी जातं. अम्मी आजारी आहे, की धाकट्याला सांभाळायला ठेवलंय, की अब्बूचं काम सुटलंय, हे कळतं. बारा-तेरा वर्षांची मुलगी शाळेतून गळते तेव्हा त्याची सुरुवात बहुतेकदा दुसरी-तिसरीतल्या अशाच गैरहजेरीपासून झालेली असते.

लहान म्हणजे हलकी नव्हे

छोट्या शाळेविषयी आपल्या समाजात एक न्यूनगंड आहे. इमारत नाही, बस नाही, टाय नाही, म्हणजे शाळा हलकी. महाराष्ट्राचा अनुभव वेगळा सांगतो. १९८५ मध्ये कोल्हापुरात लीलाताई पाटील यांनी सृजन आनंद विद्यालय सुरू केलं. १९८६ मध्ये फलटणला मॅक्सिन बर्नसन यांच्या पुढाकाराने कमला निंबकर बालभवन सुरू झालं. दोन्ही मराठी माध्यमाच्या, छोट्या प्रमाणावर सुरू झालेल्या शाळा. मुलाची भाषा, मुलाचा वेग आणि पालकांशी नातं यांवर त्यांनी काम उभं केलं. नाव झालं ते कामामुळे.

पण इथेच आपण स्वतःलाही आरसा दाखवला पाहिजे. लहान असणं आपोआप चांगलं असणं नव्हे. अशाही छोट्या शाळा आम्ही पाहिल्या आहेत जिथे पंचवीस मुलांचा वर्गही घोकंपट्टीवर चालतो, छडी चालते, हिशेब कुणाला दाखवत नाहीत आणि शिक्षक दर जूनला बदलतात. मोठ्या शाळेच्या सगळ्या खोडी आणि सोय एकही नाही, अशा शाळेला 'आपली' म्हणून वाचवण्यात मुलाचं भलं नाही.

टीईटीचा प्रश्न

१ सप्टेंबर २०२५ च्या निकालाकडे याच नजरेने पाहायला हवं. अंजुमन इशात-ए-तालीम ट्रस्ट विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींच्या पीठाने सांगितलं, की शिक्षण हक्क कायदा ज्या शाळांना लागू आहे तिथल्या नोकरीत असलेल्या शिक्षकांनाही टीईटी पास व्हावीच लागेल. निवृत्तीला पाच वर्षांपेक्षा कमी राहिलेल्यांना नोकरीत राहता येईल, पण टीईटीशिवाय बढती नाही. बाकीच्यांना दोन वर्षांची मुदत. अल्पसंख्याक शाळांबाबत मात्र या पीठाने २०१४ च्या निकालावरच शंका घेतली आणि प्रश्न मोठ्या पीठाकडे जावा म्हणून सरन्यायाधीशांसमोर ठेवला. तो निर्णय होईपर्यंत आपल्या शाळा बाहेर आहेत.

हे वाचून काही संस्थाचालकांनी सुटकेचा निःश्वास टाकला. आम्ही टाकला नाही. एक तर मुस्लिम संस्थेने चालवलेल्या प्रत्येक शाळेकडे अल्पसंख्याक दर्जाचं प्रमाणपत्र असतंच असं नाही. ज्यांच्याकडे नाही त्यांना सूट सांगणं अवघड जाईल. दुसरं म्हणजे, मोठ्या पीठाचा निकाल काय लागेल हे कुणाच्या हातात नाही. आणि तिसरं, सगळ्यात महत्त्वाचं : शिक्षक निवडण्याचा हक्क आपल्याला घटनेने दिला तो चांगला शिक्षक निवडण्यासाठी. स्वस्त शिक्षक निवडण्यासाठी नव्हे.

यात आमची स्वतःचीही गोष्ट आहे, लपवत नाही. आम्ही बी.एड. आहोत. ११ ऑगस्ट २०२३ च्या निकालाने बी.एड. ही प्राथमिकसाठी पात्रता नाही, तिथे डी.एड.च हवं, हे स्पष्ट झालं. छोट्या शाळांत आमच्यासारखे कितीतरी जण पहिली-दुसरी शिकवतात. वाईट वाटलं, पण त्यामागचा मुद्दा खोटा नाही. सहा वर्षांच्या मुलाला वाचायला शिकवणं ही वेगळी विद्या आहे, ती आम्हाला कॉलेजात कुणी शिकवली नव्हती. मुलांनीच शिकवली, आणि त्यात आमच्या पहिल्या एक-दोन तुकड्यांचं नुकसान झालं असणार.

टीईटीचा पहिला पेपर १५० गुणांचा. बालमानसशास्त्र, दोन भाषा, गणित आणि परिसर अभ्यास, प्रत्येकी ३०. खुल्या प्रवर्गाला पास होण्यासाठी ९० हवेत. चाळिशीत, शाळा आणि दोन ट्यूशन करून हा अभ्यास करणं सोपं नाही. पण अशक्यही नाही. तालुक्यातल्या चार-पाच छोट्या शाळांनी मिळून रविवारचा एक अभ्यासवर्ग काढला तरी खूप होईल.

पालकांनी आणि समाजाने काय करावं?

पालकांनी शाळा निवडताना इमारतीआधी चार गोष्टी विचाराव्यात. शाळेला मान्यता आणि ११ अंकी यू-डायस क्रमांक आहे का? नसेल तर पुढे दाखल्याची अडचण येते. एका वर्गात मुलं किती, आणि शिकवणारे किती वर्षं टिकलेत? तिसरीतलं मूल त्याच्या माध्यमातलं न पाहिलेलं पान समजून वाचतं का? हे विचारायला लाजू नका, मूल समोर बसवून वाचायला लावा. केंद्राच्या 'निपुण भारत' योजनेचं उद्दिष्टही तिसरीअखेर एवढंच आहे. आणि चौथं, या शाळेतून बाहेर पडलेलं मूल, खास करून मुलगी, पुढच्या वर्गात कुठे जाते, याची नोंद शाळेकडे आहे का?

समाजाच्या जबाबदारीबद्दल थोडंच बोलतो. सच्चर समितीने २००६ मध्ये दाखवलं की शाळेच्या वयाच्या मुस्लिम मुलांपैकी साधारण ४ टक्केच मदरशांत शिकतात. बाकीच्यांचा प्रश्न शाळांचाच आहे. जकातीतून शिक्षकांचा पगार देता येतो की नाही, हा उलमांचा विषय. पण हकदार घराला जकात देताना 'यातून पोरीची फी भरा' एवढं म्हणायला कुणाची हरकत नसावी. आणि पगारासाठी, शिक्षकांच्या तयारीसाठी इमदादची रक्कम आहेच. मात्र देणाऱ्याने हिशेब मागावा आणि संस्थेने तो दाराबाहेर लावावा.

सरकारकडे मागणी एकच, पण स्पष्ट. ज्या शाळांना कायद्याची भरपाई मिळत नाही, तिथल्या गरीब मुलांची शिष्यवृत्ती त्याच कायद्याचं नाव सांगून बंद ठेवू नका.

ती पाणी मागणारी मुलगी आता चौथीत आहे. परवा तिने नगरपालिकेकडून आलेली पाणीपट्टीची मराठी नोटीस घरी दादीला वाचून दाखवली आणि तिचा अर्थ दखनीत सांगितला. दादी दुसऱ्या दिवशी शाळेत आली, तक्रार घेऊन. म्हणाली, "इत्ता बिल कायकू आया, ये तो नै बताई तुमारी बच्ची." आम्ही नोटीस हातात घेतली आणि तिघांनी मिळून पुन्हा वाचायला सुरुवात केली.