दुचाकीवरची निष्ठा

रत्नागिरीत मारुती मंदिराच्या चौकात दोन मोटारसायकलस्वार भेटले, की मायलेजवरून सुरू झालेला वाद पाहता पाहता घराण्याच्या अभिमानावर जातो. बुलेटवाल्याला इतर गाड्या खेळणी वाटतात. स्प्लेंडरवाला बुलेटला पांढरा हत्ती म्हणतो. ही निष्ठा निव्वळ अनुभवातून आलेली असते काय?

परवाना-पद्धतीच्या काळात बजाज स्कूटरसाठी वर्षानुवर्षे थांबावे लागे. मिळेल ती गाडी उत्तम मानणे ग्राहकाला भागच होते. १९८४ मध्ये हीरो होंडा स्थापन झाली, स्पर्धा वाढली. पूर्वग्रह मात्र ओसरले नाहीत. डिसेंबर २०१० मध्ये हीरो आणि होंडा यांनी फारकत जाहीर केली. स्प्लेंडर हीरोकडेच राहिली. तरीही जुन्या जोडनावाची गाडीच काय ती खरी, असे छातीठोकपणे सांगणारे आजही आढळतात.

अर्थात या हट्टाला व्यवहाराचा आधार आहे. वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस आणि बाराही महिने खारा वारा असलेल्या या गावात गाडीइतकाच मेकॅनिक महत्त्वाचा. त्याचा हात बसलेला असतो तो खपणाऱ्या गाडीवर. सुटे भाग चटकन मिळतात ते तिचेच आणि जुनी विकताना भावही तिलाच येतो. पूर्वग्रह असा आपले पुरावे आपणच निर्माण करतो. उद्या अधिक चांगली, स्वस्त गाडी आली तरी कर्ज काढून वाहन घेणारा शिक्षक वा कारकून तिच्या वाटेला जाणार नाही. त्याला बोल कसा लावावा? जाहिरातींवर पैसा ओतणाऱ्या कारखानदारांनी सुटे भाग आणि दुरुस्तीचे शिक्षण आधी तालुक्याच्या गावी पोहोचवावे.