डॅशबोर्डमागचा हीटर
मिनेसोटातल्या भाच्यानं या आठवड्यात जुन्या जीप चेरोकीचा अख्खा डॅशबोर्ड काढून गॅरेजात मांडला आणि फोनवरून मला सगळं हौसेनं दाखवलं. कारण काय, तर आत दडलेला, जाडजूड पुस्तकाएवढा हीटर कोअर गळत होता. गाडीत गोडसर वास, समोरच्या काचेवर आतून चिकट धुकं, शेजारच्या सीटपुढचं कार्पेट ओलं: लक्षणं ठरलेली. इंजिनातलं गरम कूलंट या छोट्या रेडिएटरमधून फिरतं, पंखा त्यावरून हवा फुंकतो, म्हणून उणे वीस अंशांतही गाडी चालवता येते. आपल्या पुण्यात हीटरचं बटण वर्षभर कुणी दाबत नाही. तिकडे हीटर नाही तर काच साफ होत नाही आणि रस्ताच दिसत नाही. म्हणूनच कोअरला जाणारे दोन होज एकमेकांना जोडून कोअर वगळण्याची युक्ती मला साफ नामंजूर आहे. सुटा भाग स्वस्त, मजुरी भरमसाट, कारण वेळ जातो तो डॅशबोर्ड काढण्या-बसवण्यात. तो वेळ आपला असेल तर हे काम घरीच करावं, हे माझं ठाम मत. मात्र शिस्तीनं: इंजिन पूर्ण गार होऊ द्या, एअरबॅग चुकून उघडू नये म्हणून आधी बॅटरी सोडा, प्रत्येक स्क्रू खूण करून ठेवा, कोअरभोवतीची फोमपट्टी नवी लावा. एसीच्या नळ्याही सोडाव्या लागल्या तर आधी त्यातला वायू परवानाधारकाकडूनच काढून घ्या; अमेरिकेत तो हवेत सोडणं बेकायदा आहे. आणि सांडलेलं कूलंट लगेच पुसा, ते चवीला गोड असतं आणि कुत्र्या-मांजरांचा जीव घेतं.