नुकसानीच्या याद्यांचा साचा बदलण्याबाबत निवेदन

प्रति,
मा. जिल्हाधिकारी महोदय,
रायगड जिल्हा, अलिबाग

विषय : पंचनाम्यानंतरच्या संगणकीय याद्यांमध्ये क्षेत्र, झाडे आणि सहहिस्सेदारांची नावे तुटू नयेत, याबाबत.

महोदय,

3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्याला धडकले आणि मुरूड, श्रीवर्धन, म्हसळा भागातल्या वाड्या आडव्या झाल्या. सुरुवातीला बागायतीसाठी हेक्टरी 50 हजार रुपयांची मदत जाहीर झाली. ज्याची वाडी गुंठ्यांत मोजायची, त्याच्या पदरात त्यातून फारसे पडणार नव्हते. पुढे शासनाने पोफळीमागे 50 आणि माडामागे 250 रुपये असा झाडांचा हिशोब मान्य केला. ही रक्कम तुटपुंजी होती, असे आमचे आजही मत आहे. पण तो स्वतंत्र विषय. तक्त्यात झाडांच्या संख्येचा रकाना आहे की नाही, यावर माणसाची मदत ठरते, हे मात्र तेव्हा स्पष्ट झाले.

म्हणून आज आम्ही तक्त्याबद्दलच लिहीत आहोत. एक गुंठा म्हणजे 101.17 चौरस मीटर, हेक्टरमध्ये 0.0101. अहवालाच्या साच्यात क्षेत्राला दोनच दशांश स्थळे ठेवली, की 1.4 गुंठ्यांची वाडी 0.01 हेक्टर दिसते. हेक्टरी 50 हजारांच्या दराने 708 रुपये व्हायला हवेत, तिथे 500 होतात. 0.4 गुंठ्याचा तुकडा तर 0.00 दिसतो, म्हणजे यादीपुरती ती जमीन नाहीच. मूळ नोंदीत आकडा पूर्ण असतो, दाखवताना तो छाटला जातो, आणि एकदा छापील यादीवरून बेरीज झाली की छाटलेलाच आकडा खरा ठरतो. सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर, आर, चौरस मीटर असे लिहिले जाते. मग मदतीच्या यादीने त्याहून जाड चाळणी का लावावी?

दुसरी अडचण नावांची. कोकणात एका सातबाऱ्यावर वीस-पंचवीस सामाईक खातेदार असणे नवे नाही. त्यातले निम्मे मुंबईत असतात आणि यादी मोबाईलवर पाहतात. रकान्याची रुंदी आणि ओळीची उंची बांधलेली असली, की पहिली दोन-तीन नावे दिसतात, बाकीची चौकटीआड जातात. यादी रुंद असेल तर छापताना रक्कम दुसऱ्या पानावर जाते आणि कोणती रक्कम कोणाची, हे जुळवताना घरात वाद होतात.

अशा मर्यादांची किंमत केवढी असू शकते, हे ऑक्टोबर 2020 मध्ये इंग्लंडमध्ये दिसले. जुन्या प्रकारच्या एक्सेल फाइलमध्ये 65,536 पेक्षा जास्त ओळी मावत नाहीत. त्यामुळे कोरोनाच्या 15,841 बाधितांच्या नोंदी रोजच्या आकड्यांतून गळाल्या आणि त्यांच्या संपर्कातील लोकांचा शोध रखडला.

यासाठी नवी प्रणाली विकत घेण्याची गरज नाही. क्षेत्र चौरस मीटरमध्ये, पूर्णांकात लिहावे. दशांशाचा प्रश्नच उरत नाही. माड, पोफळ, आंबा, काजू यांचे रकाने आडवे वाढवत नेण्याऐवजी प्रत्येक झाडाच्या जातीला स्वतंत्र ओळ द्यावी. त्याने यादी लांबेल, पण पानात मावेल. प्रत्येक सहहिस्सेदाराचीही वेगळी ओळ असावी आणि तिच्यात गट क्रमांक व खाते क्रमांक पुन्हा लिहावा. प्रत्येक पानावर शीर्षक ओळ यावी. शेवटी एकूण ओळींची संख्या छापावी, म्हणजे मूळ नोंदी आणि यादी यांचा ताळा कोणालाही घेता येईल.

आमची सर्वांत आग्रहाची मागणी अशी, की छापील यादीबरोबर तिची न छाटलेली संपूर्ण फाइल गावनिहाय उपलब्ध करावी. बँक खाते आणि आधार क्रमांक तिच्यात अजिबात नकोत. माहितीचा अधिकार अधिनियम, 2005 च्या कलम 4 नुसार अनुदान योजनांच्या लाभार्थ्यांचा तपशील स्वतःहून प्रसिद्ध करणे सार्वजनिक प्राधिकरणांवर बंधनकारक आहेच. रक्कम बँकेत जमा होण्याआधी ही यादी चावडीवर वाचून दाखवावी आणि हरकतींसाठी किमान आठ दिवस द्यावेत.

पोफळ लावल्यापासून उत्पन्न येईपर्यंत सहा-सात वर्षे जातात. तोवर त्या घराला मदतीच्या याच एका ओळीचा आधार असतो. तरी येत्या पावसाळ्यापूर्वी किनारपट्टीच्या सर्व तालुक्यांना सुधारित साचा लागू करण्याचे लेखी आदेश व्हावेत आणि त्याची प्रत आम्हांस मिळावी, ही विनंती.

आपले विनम्र,
रायगड किनारपट्टीवरील नारळ-सुपारी बागायतदार

प्रत माहितीसाठी : मा. तहसीलदार, अलिबाग, मुरूड, म्हसळा, श्रीवर्धन