दत्तक नामंजूर

कलकत्त्याच्या मैदानालगत, हुगळीच्या काठी, प्लासीच्या विजयानंतर क्लाइव्हने जो बांधावयास घेतला आणि पुढे जवळजवळ दोन तपे ज्याचे काम चालले, तो अष्टकोनी फोर्ट विल्यम आज भारतीय सेनेच्या पूर्व विभागाचे मुख्य ठाणे आहे. आणि २०२४ च्या डिसेंबरात त्याचे इंग्रजी नाव उतरवून त्यास आमच्या सिंधुदुर्ग किनाऱ्यावरील विजयदुर्गाचे नाव देण्यात आले, तेव्हा त्याच्या सेंट जॉर्ज दरवाजाचाही शिवाजी दरवाजा झाला. ज्या शहराने १७४२ साली नागपूरकर भोसल्यांच्या स्वारीच्या धास्तीने आपल्याभोवती खंदक खणावयास घेतला, आणि ज्या अपुऱ्या खंदकाचे ‘मराठा डिच’ एवढे नाव मागे उरले, त्याच शहराच्या किल्ल्यावर आज मराठी जलदुर्गाचे नाव आहे, यात काळाचा थोडा विनोद आहे खरा. परंतु वारसा कोणाच्या घरून निघून कोणाच्या पदरी पडेल याचा नेम नसतो, हेही त्यावरून कळते. आमच्या चित्रपटांना मात्र ही गोष्ट अद्याप पुरती उमगलेली नाही, असे माझे मत आहे.

आमच्या पडद्यावर वारसाहक्काचा प्रश्न काही थोड्या वेळा आलेला नाही. जत्रेत हरवलेला मुलगा, दंडावरची जन्मखूण, दुभंगलेले लॉकेट, आईने बालपणी शिकविलेले गाणे, हवेलीच्या तिजोरीतले मृत्युपत्र, ते बदलू पाहणारा मुनीम आणि शेवटच्या रिळात ‘हाच माझा मुलगा’ म्हणून फुटणारा हंबरडा, ही सारी सामग्री पिढीजात चालत आली आहे, आणि तिच्या मुळाशी एकच सवाल आहे: रक्ताचा वारस कोण? हा सवाल कानी पडला की मला लॉर्ड डलहौसीची आठवण होते. सातारा १८४८ साली आणि झाशी व नागपूर १८५४ साली, पोटचा पुत्र नाही एवढ्या सबबीवर, खालसा झाली, त्या मसलतीचे केंद्र हेच कलकत्ता होते. नागपूरच्या राजवाड्यातील हत्ती, घोडे आणि बैल यांचा लिलाव झाला, जडजवाहीर विक्रीसाठी कलकत्त्यास रवाना झाले. म्हणजे ज्या भोसल्यांच्या भयाने या शहराने शंभर वर्षांपूर्वी कुदळ हाती घेतली होती, त्यांच्याच घराण्याचे अलंकार त्या शहराच्या बाजारात गेले. डलहौसीला आपण अन्यायी म्हणतो ते योग्यच. पण वारस ठरविताना आपला चित्रपटही त्याच्याच कायद्याने चालतो, हे सहसा आपल्या ध्यानात येत नाही.

याला अपवाद पाहावयाचे तर पुन्हा कलकत्त्याकडेच वळावे लागते. सत्यजित राय यांचा १९७७ सालचा ‘शतरंज के खिलाडी’ हा प्रेमचंदांच्या कथेवरचा चित्रपट वरकरणी लखनौच्या दोन जहागीरदारांचा आहे. पूर्वजांनी समशेर गाजवून जे मिळविले त्याच्या उत्पन्नावर हे दोघे बुद्धिबळाचा पट मांडून बसले आहेत, आणि घरात काय चालले आहे व राज्यावर काय गुदरले आहे याची त्यांना शुद्ध नाही. परंतु माझ्या मनात घर करून राहिले आहे ते त्यातील एक साधे, जवळजवळ नाट्यहीन दृश्य. रेसिडेंट औट्रम आपल्या हाताखालच्या अधिकाऱ्यास नवाब वाजिद अली शाहांच्या दिनक्रमाची दप्तरी नोंद वाचून दाखवितो: नमाज किती वेळा झाली, गाणे कोणाचे ऐकले, गच्चीवरून पतंग उडविले, मुशायऱ्यात स्वतःची कविता म्हटली. वाचणाऱ्याचा स्वर असा, की जणू एकेका कलमाने त्या राजाची नालायकी शाबीत होत चालली आहे.

चित्रपट फेब्रुवारी १८५६ मध्ये, अवध खालसा होताच संपतो. इतिहास मात्र तेथे थांबत नाही. दाद मागण्यासाठी निघालेले वाजिद अली त्याच वर्षी कलकत्त्यास आले आणि नदीकाठच्या मटियाबुर्ज येथे राहिले. पुढल्या वर्षी उत्तरेत बंडाचा वणवा पेटताच, त्यात हात नसतानाही, सरकारने त्यांना उचलून फोर्ट विल्यममध्ये डांबले आणि दोन वर्षांहून अधिक काळ तेथे कैदेत ठेवले. सुटका झाल्यावर मटियाबुर्जात त्यांनी हरवलेल्या लखनौचीच एक छोटी प्रतिकृती उभी केली, आणि १८८७ साली ते निवर्तले तेव्हा ती दौलतही सरकारने मोडीत काढली. कागदोपत्री पाहिले तर वारशात काहीच उरले नाही. पण कलकत्त्यात ठुमरी रुजली, कथ्थक रुजले, पतंगांच्या काटाकाटीचा षोक रुजला, आणि बिर्याणीत बटाटा घातला जातो त्याचे श्रेयही कलकत्तेकर आजवर याच नवाबाला देतात. औट्रमने वाचलेली ती तोहमतीची यादी पुन्हा एकदा काढून पाहावी: गाणे, पतंग, कविता. ज्या कलमांवर राज्य गेले, तीच कलमे वारशाच्या यादीत जशीच्या तशी उतरली आहेत. आणि ज्यांच्या नावे ती उतरली, त्या गवयांचा, पतंगवाल्यांचा आणि खानसाम्यांचा नवाबाशी रक्ताचा संबंध नव्हता. रायांना हे मर्म ठाऊक असावे. त्या चित्रपटातील दरबारी नृत्य बसविले बिरजू महाराजांनी, ज्यांच्या घराण्याने वाजिद अलींच्या पदरी राहून कथ्थक जोपासले. आणि पडद्यावर ते नाचल्या त्यांच्या शिष्या शाश्वती सेन.

याची दुसरी बाजू रायांनीच १९५८ च्या ‘जलसाघर’मध्ये दाखविली आहे. जमीन नदीच्या घशात चालली आहे, एकुलता एक मुलगा नाव बुडून गेला आहे, आणि जमीनदार विश्वंभर राय उरलीसुरली रोकड एका मैफलीवर उधळतो. नृत्य संपताच शेजारचा नवश्रीमंत सावकार बिदागी द्यावयास हात पुढे करतो, तोच विश्वंभरबाबूंच्या काठीची मूठ त्याच्या हातावर पडते: पहिले इनाम देण्याचा मान यजमानाचा. छबी विश्वास यांनी ते असे वठविले आहे, की पाहणारा क्षणभर त्या ऐटीच्या बाजूचा होतो. पण मग रात्री पूर्वजांच्या तसबिरींना प्याला उंचावणाऱ्या त्याच मनुष्याला स्वतःच्या तसबिरीवर कोळी चढताना दिसतो. घराण्याचा मान तेवढा वारशात घ्यावा आणि जबाबदारी नदीत सोडावी, याची परिणती याहून नेमकी मी कोठे पाहिलेली नाही.

मराठी पडद्यावर हा प्रश्न सर्वांत समंजसपणे मांडला तो ‘कट्यार काळजात घुसली’ने. पुरुषोत्तम दारव्हेकरांचे नाटक १९६७ चे आणि चित्रपट २०१५ चा. दोहोंतही पंडितजींची गायकी पुढे न्यावयास निघालेल्या सदाशिवाला ज्यांच्यापुढे बसावयाचे आहे ते खाँसाहेब त्याच गायकीचे प्रतिस्पर्धी आहेत. राजगायकाची कट्यार हुकमाने हस्तांतरित होते, गळा होत नाही. त्यासाठी शिष्याला घराण्याच्या कुंपणापलीकडे जावे लागते. ‘नटसम्राट’मधील गणपतराव बेलवलकरांनी जिवंतपणीच मिळकत मुलांना वाटून टाकली आणि आपल्या हाती काही ठेवले नाही, त्यांच्याजवळची खरी ठेव नाटकातल्या स्वगतांची होती, आणि तिला घरात कोणी धनी नव्हता. हिंदीतल्या ‘तुंबाड’मध्ये बापाने मुलाच्या हाती लोभच दिला, आणि अखेरीस बापाने पुढे केलेली मोहरांची थैली घेण्यास मुलगा नकार देतो. वारसा नाकारण्याचाही एक अधिकार वारसाला असतो, हे इतक्या स्पष्टपणे सांगणारे चित्रपट आपल्याकडे विरळाच.

यावर कोणी म्हणेल, की जमीनजुमल्याचे कज्जे ज्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या चालतात त्यांना हे कलेच्या वारशाचे कौतुक काय उपयोगाचे? आक्षेप रास्त आहे, आणि तो मला नाकारावयाचा नाही. सातबाऱ्यावरचे नाव ही पोटाची बाब आहे. पण मग रक्ताचाच न्याय करावयाचा तर तो तरी आमच्या चित्रपटांनी कोठे पुरता केला? महाराष्ट्राने १९९४ सालीच मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलांच्या बरोबरीचा हक्क दिला. तरीही गावोगाव बहिणी भाऊबीज तुटू नये म्हणून हक्कसोडपत्रावर सही करून येतात, आणि ‘माहेर तरी राहील’ एवढ्याच समाधानावर घरी परततात. त्या सहीइतका नाट्यमय क्षण कुठल्या तिजोरीत आणि कुठल्या लॉकेटात आहे? पण जन्मखूण दंडावर शोधणारी आमची पटकथा अजून मुलाच्याच दंडाकडे पाहते आहे.

म्हणून आमच्या पटकथाकारांना एवढीच विनंती, की ‘वारस कोण’ हा निवाडा कोर्टावर सोपवावा आणि ‘वारशाचे पुढे काय झाले’ हे आम्हांस दाखवावे. झाशीच्या राणीवर सोहराब मोदींनी १९५३ मध्ये चित्रपट काढला, आणखीही निघाले. पाठीशी मूल बांधून घोड्यावर स्वार झालेली लक्ष्मीबाई आपल्या सर्वांच्या डोळ्यांपुढे आहे. पडदा पडतो तो ग्वाल्हेरला, १८५८ साली, तिच्या चितेपाशी. पण तिच्या पाठीवरचे ते मूल, ज्या दामोदररावाचे दत्तक डलहौसीने नामंजूर केले, तो त्या मुलुखातून निभावून निघाला, लहानाचा मोठा झाला, आणि राणीनंतर सुमारे अठ्ठेचाळीस वर्षे जगून १९०६ साली इंदूरला वारला.